फळा, पडदा आणि वस्तीतला विद्यार्थी

ऑनलाइन शिक्षणाविषयी आपल्याकडे दोन टोकांची मते मांडली जातात. एक मत असे की, मोबाईल आणि इंटरनेट खेड्यात पोहोचले की शहर आणि खेडे, धनिक आणि मजूर, सवर्ण आणि दलित यांच्या शिक्षणातील अंतर आपोआप मिटेल. दुसरे मत असे की, हा सारा कंपन्यांचा व्यापार असून शाळा मोडीत काढण्याचा डाव आहे. पहिले मत मांडणाऱ्यांनी दलितवस्ती जवळून पाहिलेली नसते. दुसरे मत मांडणाऱ्यांच्या घरात बहुधा मुलांसाठी वेगळी खोली, वेगळे यंत्र आणि वेगळी शिकवणी असते. त्यामुळे यंत्र नाकारण्याची चैन त्यांना परवडते. या दोन्ही मतांत एक गोष्ट समान आहे. ज्या मुलाच्या नावाने हा वाद चालतो ते मूल कोठे बसून शिकते, किती वाजता शिकते आणि अडले तर कोणाला विचारते, हे तीन प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारलेले नाहीत.

प्रस्तुत लेखात हे तीन प्रश्न आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यापुरते विचारावयाचे आहेत आणि ते जळकोटसारख्या तालुक्यात उभे राहून विचारावयाचे आहेत. हे जळकोट तुळजापूर तालुक्यातील हमरस्त्यावरचे नव्हे. लातूर जिल्ह्यात उदगीर-अहमदपूरच्या शेजारी, नांदेड जिल्ह्यातील मुखेडला भिडलेला, १९९९ साली स्वतंत्र तालुका झालेला हा बालाघाटचा डोंगरपट्टा आहे. कोरडवाहू शेती, विखुरलेल्या वाड्या आणि तांडे, दिवाळीनंतर कोयता घेऊन साखर कारखान्यांकडे निघणारी कुटुंबे, असे येथील जीवन आहे. शाळेची भाषा पुस्तकी मराठी, तांड्यावर गोरबोली आणि बाजारात दखनी. 'लातूर पॅटर्न'ची कीर्ती ऐकून साऱ्या महाराष्ट्रातून मुले लातूरच्या शिकवणी वर्गांत येतात. पण त्याच जिल्ह्यातील या डोंगरपट्ट्यातल्या मजुराच्या मुलाला त्या वर्गाची फी आणि खोलीचे भाडे पेलत नाही.

माध्यमिक शाळेचाच विचार का, असे कोणी विचारील. शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांपुरता आहे. आठवी संपते आणि कायद्याचे छत्रही संपते. नेमक्या याच वयात मुलगा मजुरीच्या उपयोगाचा होतो आणि मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. बीजगणित, विज्ञान आणि इंग्रजी हे तीन विषय याच वेळी अंगावर येतात. दलित समाजातील कितीतरी बुद्धिमान मुले महाविद्यालयाच्या दारात नव्हे, तर नववीच्या वर्गात गळालेली आहेत.

महामारीने काय दाखवले

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. त्या वर्षीचा दहावीचा भूगोलाचा पेपर राहिला तो राहिलाच. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' हा उपक्रम काढला. 'दीक्षा' या अ‍ॅपवर पाठ आले. सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. नागपूर आकाशवाणीवरून 'शाळेबाहेरची शाळा' ऐकू येऊ लागली. नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून टप्प्याटप्प्याने उघडले, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाले आणि ग्रामीण भागात ४ ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हा सुरू झाले. मधल्या काळात २०२१ ची दहावीची परीक्षाच रद्द झाली. अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला आणि ९९.९५ टक्के विद्यार्थी उत्तीर्ण झाले. मुलांना गुणपत्रिका मिळाली. परंतु दहावीचे शिक्षण मिळाले असे म्हणवत नाही.

साधनांचा तुटवडा आधीच माहीत होता. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीत ग्रामीण भारतातील केवळ ४.४ टक्के घरांत संगणक आणि १४.९ टक्के घरांत इंटरनेटची सोय आढळली होती. महामारीत या तुटवड्याला जातीचा चेहरा कसा असतो हेही दिसले. ज्याँ द्रेझ, रितिका खेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑगस्ट २०२१ मध्ये १५ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील गरीब वस्त्यांतून पहिली ते आठवीच्या सुमारे १४०० मुलांची पाहणी केली. ग्रामीण भागातील केवळ ८ टक्के मुले नियमितपणे ऑनलाइन शिकत होती आणि ३७ टक्के मुलांचा अभ्यास पूर्णपणे थांबलेला होता. ग्रामीण दलित-आदिवासी मुलांमध्ये नियमित ऑनलाइन शिकणारी मुले अवघी ४ टक्के होती, तर इतर ग्रामीण मुलांमध्ये हे प्रमाण १५ टक्के होते. ही सारीच मुले गरीब वस्त्यांतील होती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. म्हणजे गरिबांच्या रांगेतही दलित आणि आदिवासी मूल मागेच उभे होते. पडद्यामागून शिकवणाऱ्याला विद्यार्थ्याची जात दिसत नसेल. पण पडदा कोणाच्या घरी पोहोचतो हे जात आणि वर्ग मिळून ठरवतात.

त्यानंतर परिस्थिती बदलली, हेही मान्य केले पाहिजे. 'असर' या संस्थेने २०२३ मध्ये देशातील २८ जिल्ह्यांत १४ ते १८ वयोगटातील ग्रामीण मुलांची पाहणी केली. महाराष्ट्रातून निवडलेला जिल्हा जळकोटच्या शेजारचा नांदेडच होता. एकूण पाहणीत सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला. परंतु ज्यांना तो वापरता येतो त्यांच्यात स्वतःचा फोन असलेले मुलगे ४३.७ टक्के आणि मुली १९.८ टक्के होत्या. सुमारे दोन तृतीयांश मुलांनी आदल्या आठवड्यात फोनचा काहीतरी शैक्षणिक उपयोग केला होता. समाजमाध्यमांसाठी तो वापरणारी मुले ९० टक्क्यांच्या आसपास होती. आणि याच वयोगटातील सुमारे एक चतुर्थांश मुलांना आपल्या भाषेतील दुसरीचा उतारा अडखळल्याशिवाय वाचता येत नव्हता.

या आकड्यांचा अर्थ असा की, प्रश्नाचे रूप पालटले आहे. घरात यंत्र आहे काय, हा २०२० चा प्रश्न होता. आजचा प्रश्न असा आहे की, ते यंत्र कोणाच्या हातात आहे, किती वेळ आहे आणि त्यासोबत शिकवणारे माणूस आहे काय.

मिश्र शिक्षण म्हणजे काय

येथे दोन शब्दांचा अर्थ स्पष्ट केला पाहिजे. ऑनलाइन शिक्षण म्हणजे इंटरनेटच्या आधारे, शिक्षक व विद्यार्थी एका जागी नसताना चालणारे शिक्षण. त्याचे दोन प्रकार आहेत. शिक्षक त्याच वेळी पडद्यावर हजर राहून शिकवतो तो एक; आधी तयार केलेला पाठ विद्यार्थी आपल्या सवडीने पाहतो तो दुसरा. पहिल्यात प्रश्न विचारता येतो, पण अखंड वीज, अखंड रेंज आणि पुष्कळ डेटा लागतो. दुसऱ्यात प्रश्न विचारता येत नाही, पण पाठ एकदा उतरवून घेतला की इंटरनेट नसले तरी चालते.

मिश्र शिक्षणात शाळा सुटत नाही. जे यंत्राला चांगले जमते ते यंत्राकडे आणि जे शिक्षकाला जमते ते शिक्षकाकडे सोपवले जाते. वर्गसमीकरणाचे स्पष्टीकरण विद्यार्थ्याने संध्याकाळी दोनदा पाहिले आणि दुसऱ्या दिवशी शिक्षकाने ते फळ्यावर पुन्हा न सांगता विद्यार्थ्यांकडून उदाहरणे सोडवून घेतली, अडलेल्याच्या वहीजवळ जाऊन चूक दाखवली, तर ते मिश्र शिक्षण झाले. शिक्षकाने व्हॉट्सअ‍ॅपवर चित्रफितीचा दुवा टाकला आणि त्याविषयी पुन्हा विचारलेच नाही, तर ते ना ऑनलाइन झाले ना मिश्र. ती केवळ टपालाची कामगिरी झाली. महामारीच्या काळात पुष्कळ ठिकाणी या तिसऱ्याच प्रकाराला ऑनलाइन शिक्षण म्हटले गेले आणि म्हणून त्या शब्दाविषयी वस्तीत आजही चीड आहे. ती चीड समजून घेतली पाहिजे; पण तिच्यापायी साधनच फेकून देणे परवडणारे नाही.

लाभ कोणते

पहिला लाभ पुनरावृत्तीचा. वर्गात शिक्षक एकदा सांगतो, फार तर दोनदा. ज्या घरात मागच्या पिढीने दहावी पाहिलेली नाही तेथे तिसऱ्यांदा सांगणारे कोणी नसते. शिकलेल्या घरातील मुलाला वडील, काका, शिकवणीचे सर असतात. त्याचे यश हे त्याच्या बुद्धीचे मानले जाते, वास्तविक ते तिसऱ्यांदा सांगणाऱ्या माणसाचे असते. तयार पाठ कितीही वेळा सांगतो आणि कंटाळत नाही. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड छापलेले आहेत. फोनच्या कॅमेऱ्यासमोर ते धरले की त्या धड्याचे साहित्य उघडते. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडच्या कामासाठी रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. ते सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवीत होते. म्हणजे ही कल्पना परदेशातून आपल्यावर लादली गेलेली नाही. खेड्यातल्या शाळेतही ती वाढलेली आहे.

दुसरा लाभ पातळीचा. नववीच्या वर्गात बसलेले मूल खरोखरी नववीत असतेच असे नाही. दिल्लीतील सरकारी शाळांच्या ६१९ विद्यार्थ्यांवर कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सहावीतील सरासरी मूल गणितात सुमारे अडीच इयत्ता मागे होते, आणि पुढे हे अंतर वाढत जात होते. निवडलेल्या मुलांना शाळेबाहेरच्या केंद्रात रोज ९० मिनिटे शिकवले गेले. त्यांतील निम्मा वेळ मूल जेथे असेल तेथून सुरुवात करणाऱ्या संगणकीय पाठांचा आणि निम्मा वेळ शिक्षकासोबत लहान गटाचा होता. साडेचार महिन्यांत या मुलांनी इतरांच्या तुलनेत गणितात आणि हिंदीत लक्षणीय मजल मारली. या प्रयोगाचे मर्म संगणकात नाही. नववीच्या मुलाला सातवीचे अपूर्णांक शिकण्याची मुभा, कोणी न हसता, मिळाली यात ते आहे. आपल्या वर्गात ही मुभा नसते. अभ्यासक्रम संपवणे हे शिक्षकाचे कर्तव्य मानले जाते. मूल कोठे राहिले हे पाहणे मानले जात नाही.

तिसरा लाभ विषयशिक्षकाच्या अभावाचा. डोंगरपट्ट्यातील लहान शाळेत गणित आणि विज्ञानाला एकच शिक्षक असतो, इंग्रजीला कधी कोणीच नसतो. हा प्रश्न एकट्या मराठवाड्याचा नाही. मेक्सिकोने १९६८ मध्ये खेड्यातील सातवी ते नववीच्या मुलांसाठी 'टेलेसेकुंदारिया' नावाच्या शाळा काढल्या. विषयतज्ज्ञाचा पाठ दूरचित्रवाणीवर येतो आणि वर्गात हजर असलेला एकच शिक्षक सर्व विषयांत मुलांकडून सराव करून घेतो. या शाळांत आज दहा लाखांहून अधिक मुले शिकतात. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, दूरचित्रवाणी आली म्हणून त्यांनी वर्गातला शिक्षक काढला नाही.

चौथा लाभ गैरहजर विद्यार्थ्याचा. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातील मूल, सोयाबीनच्या काढणीला घरी ठेवलेला मुलगा, आईच्या बाळंतपणात घर सांभाळणारी मुलगी यांचे महिने बुडतात. ती परत येतात तेव्हा वर्ग चार धडे पुढे गेलेला असतो आणि लाजेने ती मागच्या बाकावर जातात. तेथून शाळा सुटायला वेळ लागत नाही. बुडालेला धडा साठवून ठेवता येतो आणि परतल्यावर तो भरून काढता येतो, ही सोय छापील पुस्तकाने पूर्णपणे दिलेली नाही.

पाचवा लाभ मानहानीचा आहे, आणि तो शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात सापडायचा नाही. वर्गात हात वर करून 'मला समजले नाही' म्हणणे हे सर्वांना सारखे सोपे नसते. ज्याच्या न समजण्याचा संबंध लगेच त्याच्या आरक्षणाशी जोडला जातो, तो मुलगा गप्प बसायला शिकतो. यंत्रापुढे चूक करताना कोणी मागे वळून पाहत नाही. ही लहान गोष्ट नव्हे. परंतु उलट अनुभवही येतो. थेट चालणाऱ्या वर्गात पडद्यावर आडनाव झळकते आणि कॅमेरा चालू केला की पत्र्याची भिंत दिसते. म्हणून थेट वर्गात कॅमेरा लावण्याची सक्ती असू नये, हा साधा नियम शिक्षकांनी पाळला पाहिजे.

सहावा लाभ ग्रंथालयाचा. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे लेखन व भाषणे खंडरूपाने प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. छापील खंड मिळेनासे झाले तेव्हा २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. आज हे खंड, मराठी भाषणांच्या खंडांसह, फोनवर विनामूल्य वाचता येतात. मराठी विश्वकोशही तसाच खुला आहे. ज्या गावात ग्रंथालय गावठाणाच्या मधोमध आहे आणि तेथे जाताना वस्तीतल्या मुलीला चार नजरा ओलांडाव्या लागतात, तेथे या खुलेपणाचे मोल अधिक आहे.

अट एकच नाही, तीन आहेत

हे लाभ आपोआप पदरात पडत नाहीत. पेरू देशाने गरीब खेड्यांतील मुलांना मोठ्या प्रमाणावर लॅपटॉप वाटले. ३१९ शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये पुढे आला तेव्हा गणित आणि भाषेच्या गुणांत काहीच सुधारणा आढळली नाही. यंत्र होते, शिकवण्याची व्यवस्था नव्हती. याच्या उलट बोट्स्वानामध्ये महामारीच्या काळात प्राथमिक वर्गांतील मुलांच्या घरी साध्या फोनवर आठवड्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटांचा कॉल आणि सोबत गणिताचा संदेश, एवढेच केले गेले. मुलांचे गणित सुधारले. ज्यांना केवळ संदेश मिळाले, कॉल नाही, त्यांच्यात लक्षणीय फरक दिसला नाही. लॅपटॉप हरला आणि माणसाचा आवाज जिंकला, असे म्हणता येईल. अमेरिकेच्या शिक्षण खात्याने २००९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले. मिश्र पद्धतीने शिकणारे विद्यार्थी निव्वळ वर्गात शिकणाऱ्यांपेक्षा सरस ठरले. परंतु त्यांना बहुधा अधिक वेळ आणि अधिक साहित्यही मिळालेले होते, असेही त्यात नमूद आहे, आणि बहुतेक अभ्यास शाळेपुढच्या वयाच्या विद्यार्थ्यांचे होते.

यावरून तीन अटी निघतात: जागा, वेळ आणि माणूस.

जागेचा प्रश्न दलित विद्यार्थ्याला नवा नाही. बाबासाहेब परळच्या डबक चाळीतील एका खोलीत शिकले. सारे घर त्याच खोलीत झोपत असे. वडील रामजी रात्री जागत आणि दोन वाजता मुलाला अभ्यासाला उठवत. खोली एकच होती म्हणून वेळ बदलावी लागली. पुढे १९४६ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले तेव्हा नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. त्याच्याही आधी, १८५५ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा चालवली होती. शाळेच्या वेळेत विद्यार्थी बसत नसेल तर विद्यार्थ्याच्या जगण्याप्रमाणे शाळा बसवायची, ही आपल्या चळवळीची जुनी रीत आहे. मिश्र शिक्षणाकडे याच रीतीने पाहिले पाहिजे. ते नव्या जगाचे आश्चर्य नसून रात्रशाळेच्या हाती आलेले नवे साधन आहे.

आता घराघरातल्या फोनवर सारा भार टाकला तर काय होते ते पाहू. एका थेट वर्गाला तासाला साधारण अर्धा जीबी डेटा लागतो असे धरले, तर चार तासांत दोन जीबी संपतात. रोजच्या साध्या रिचार्जमध्ये ते बसत नाही. महिन्याचे रिचार्ज म्हणजे मजूर बाईची एका दिवसाची, कधी त्याहून अधिक मजुरी. फोन एक, मुले तीन. फोन दिवसभर वडिलांबरोबर कामावर. संध्याकाळी तो आधी मुलाच्या हातात आणि उरला तर मुलीच्या. जानेवारी २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्यातील एका शेतकरी कुटुंबातील दहावीच्या मुलाने अभ्यासासाठी मोबाईल मागितला, कर्जात असलेल्या वडिलांना तो देता आला नाही आणि त्या घराने मुलगा आणि वडील दोघेही गमावले. अशा मृत्यूचे कारण एकच कधी नसते. तरीही अभ्यासाचे साधन ही प्रत्येक बापाने आपल्या ऐपतीप्रमाणे विकत घ्यायची वस्तू आहे, असे समाजाने ठरवले, की ऐपत नसलेल्या बापाच्या छातीवर केवढे ओझे येते हे त्यातून दिसते. फळा कोणी घरोघर विकत घेत नव्हते. फळा सर्वांचा होता. पडदाही सर्वांचा असला पाहिजे.

वस्तीची अभ्यासिका

सामूहिक साधनाची ही कल्पना आपल्या देशात जुनी आहे. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या एका वर्षात उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील २४०० खेड्यांत सामूहिक दूरचित्रवाणी संच चालले. मराठवाड्याच्या सीमेपलीकडचे गुलबर्गा, रायचूर आणि विजापूर हे जिल्हे त्यात होते. गावाचा एक संच, तो सर्वांनी मिळून पाहायचा. पुढे संच स्वस्त झाले, घरोघर गेले आणि सामूहिक संचाची कल्पना विस्मरणात गेली. ती वस्तीच्या अभ्यासिकेच्या रूपाने परत आणता येईल.

त्यासाठी लागणाऱ्या गोष्टी फार नाहीत. विहार, समाजमंदिर किंवा शाळेची एक खोली, पेनड्राइव्ह लावता येईल असा एक दूरचित्रवाणी संच, एक स्मार्टफोन, एक फळा. इंटरनेट रोज लागत नाही. साध्या दर्जाची दहा मिनिटांची चित्रफीत सुमारे ५० एमबी जागा घेते. ३२ जीबीच्या कार्डात अशा सहाशेहून अधिक चित्रफिती, म्हणजे शंभर तासांचे पाठ मावतात. आठवड्यातून एकदा उदगीरला बाजाराला गेलेल्या कोणीही चांगली रेंज मिळेल तेथे ते उतरवून आणावेत. 'दीक्षा'वरील साहित्यही उतरवून ठेवता येते. दहावीच्या गणिताचा आणि विज्ञानाचा मुख्य भाग एका नखाएवढ्या कार्डात राहतो. ऊसतोडीला जाणाऱ्या मुलासोबत ते कार्ड आणि पुस्तक देता येते, आणि शनिवारी वीस मिनिटांचा एक फोन करता येतो. कार्डापेक्षा तो फोन महत्त्वाचा, हे बोट्स्वानाने दाखवले आहे.

वेळ दीड तासाची पुरे. पहिली वीस मिनिटे पाठ पाहावा. मध्ये थांबवून मुलांना प्रश्न विचारावेत. पुढची पन्नास मिनिटे वहीवर सराव. शेवटच्या वीस मिनिटांत मोठ्या मुलांनी धाकट्यांना समजावून सांगावे. मुलींसाठी वेळ उजेडाची असावी आणि खोलीत एखादी बाई हजर असावी. अन्यथा अभ्यासिका मुलांची होईल आणि मुली पुन्हा चुलीपाशी राहतील. गोरबोली बोलणाऱ्या मुलाला अडलेला शब्द त्याच्या बोलीत सांगणारे कोणी असेल तर उत्तमच.

आणि माणूस. प्रत्येक वस्तीत आज बी.ए., बी.एस्सी. होऊन भरतीच्या जाहिरातीची वाट पाहणारे तरुण आहेत. त्यांनी शिक्षक होण्याची गरज नाही. दार उघडणे, पाठ लावणे, वही पाहणे आणि जे सुटले नाही ते शाळेतील शिक्षकापर्यंत पोहोचवणे एवढेच काम आहे. शाळेतील शिक्षकाने महिन्यातून एकदा अभ्यासिकेत यावे. ज्या शिक्षकाने वस्ती कधी पाहिलेली नाही त्याला या एका भेटीत विद्यार्थ्याविषयी जे कळेल, ते वर्षभराच्या हजेरीपटातून कळणार नाही.

सावधपणाच्या जागा

अभ्यासिका काढली म्हणून शासनाची जबाबदारी संपत नाही. मिश्र शिक्षणाचे नाव घेऊन शिक्षकांच्या रिकाम्या जागा रिकाम्याच ठेवल्या जातील, हा धोका खरा आहे. २०२३ मध्ये राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचे प्रस्ताव मागवले गेले, तेव्हा वाड्या-तांड्यांवरील शाळांचे काय होणार हा प्रश्न उभा राहिलाच होता. 'पडद्यावर शिकवणारा आहे, मग येथे माणूस कशाला?' असे विचारणाऱ्याला मेक्सिकोच्या वर्गातील शिक्षक दाखवावा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही डिजिटल दरीचा उल्लेख आहे आणि मिश्र पद्धतीचा पुरस्कार आहे. दोन्ही वाक्ये एकत्र वाचण्याचा आग्रह आपण धरला पाहिजे.

न्यायालयांनी काही पाया घालून दिला आहे. २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने वसतिगृहातील एका विद्यार्थिनीच्या प्रकरणात इंटरनेट वापरण्याचा हक्क शिक्षणाच्या हक्काशी जोडला. २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने खासगी शाळांतील आर्थिक दुर्बल घटकांच्या विद्यार्थ्यांना ऑनलाइन शिक्षणाची साधने पुरवण्याचा आदेश दिला. महाराष्ट्रात 'महाज्योती'ने इतर मागास व भटक्या-विमुक्त विद्यार्थ्यांना प्रवेश परीक्षांच्या तयारीसाठी टॅब्लेट आणि डेटा दिलेला आहे. पण ही मदत दहावी पार केलेल्यांना मिळते. जे दहावीपर्यंत पोहोचतच नाहीत त्यांच्यापाशी ती पोहोचत नाही. मागणी करायची तर येथे करायची: प्रत्येक माध्यमिक शाळेत व प्रत्येक मागास वस्तीत एक सामूहिक अभ्यासिका, शाळेची वीज बिलापायी न तोडण्याची हमी, आणि विषयशिक्षकांची भरती. यांतील पहिल्या मागणीसाठी थांबून राहण्याचे कारण नाही. खोली आणि माणूस आपल्याकडे आहेत. उरलेल्या दोन मागण्यांसाठी मात्र ग्रामसभेत, शाळा व्यवस्थापन समितीत आणि गरज पडली तर तहसीलसमोर उभे राहावे लागेल.

साधन स्वतः कोणाच्या बाजूचे नसते. छापखाना आला तेव्हा त्याने पोथ्या छापल्या आणि 'मूकनायक'ही छापला. तो कोणाच्या हाती गेला यावर पुढचे सारे ठरले. पडद्याचेही तसेच आहे. तो एकेकट्या घरात, एकेकट्या ऐपतीवर सोडून दिला तर जुनीच उतरंड नव्या उजेडात दिसेल. तो वस्तीच्या मधोमध आणला, त्याच्याजवळ एक फळा ठेवला आणि एक माणूस बसवले, तर नववीत गळणारी मुले दहावी ओलांडतील. जळकोटच्या डोंगरपट्ट्यातील एखाद्या मुलीला वर्गसमीकरण तिसऱ्यांदा समजावून सांगणारे कोणीतरी हवे आहे. ते कोणी सांगायचे, हे आता आपण ठरवायचे आहे.